काड्या भरलेल्या, तरी गाणं का अडकतं?

सोलापुरातून पुणे रोडने चिंचोळी एमआयडीसीला रोज जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये हा वाद ठरलेला आहे. एकाच्या फोनवर गाणी सलग चालतात, शेजारच्याच्या फोनवर केगाव मागे पडलं की गोल चक्र फिरायला लागतं. मग ‘तुझा फोनच भंगार’, ‘सिम बदल की’, ‘टॉवरच नाही ओ इथं’ अशी तीन निदानं एका दमात होतात. तिन्ही बरोबर असू शकतात, तिन्ही चूकही असू शकतात. वाद मिटत नाही, कारण दोघंही स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यातल्या सिग्नलच्या काड्या पुरावा म्हणून दाखवत असतात. त्या काड्यांवर पुरावा म्हणून विसंबताच येत नाही.

किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, याला कुठलंही एकच प्रमाण नाही. ते फोन बनवणारी कंपनी ठरवते. याचा जगजाहीर दाखला २०१० चा आहे. आयफोन ४ एका विशिष्ट पद्धतीने हातात धरला की काड्या भराभर उतरतात, अशी तेव्हा ओरड झाली. त्यावर ॲपलने २ जुलै २०१० रोजी पत्र काढून सांगितलं, की काड्या मोजण्याचं आमचं सूत्रच साफ चुकीचं होतं आणि बऱ्याच ठिकाणी असायला हव्यात त्यापेक्षा दोन काड्या जास्त दिसत होत्या. नवं सूत्र आलं, काड्या बदलल्या, हवेतला सिग्नल मात्र होता तेवढाच राहिला. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांचे फोन शेजारी ठेवून काड्या मोजल्या, तर हातात काहीच येत नाही.

खरा आकडा फोनच्या आत असतो आणि तो बघायला पैसे पडत नाहीत. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग ‘अबाउट फोन’, मग सिमचं स्टेटस असं गेलं की उणे ९५, उणे १०८ असा काहीतरी आकडा आणि त्यापुढे डीबीएम हे सिग्नलच्या शक्तीचं एकक दिसतं. आयफोनवर डायल पॅडवर *३००१#१२३४५#* टाकून कॉलचं बटण दाबलं की फील्ड टेस्टचा पडदा उघडतो. बऱ्याच सॅमसंग फोनमध्ये *#००११# चालतं. अँड्रॉइडसाठी नेटमॉन्स्टर, सेलमॅपर अशी ॲपही आहेत. फोन कुठल्या टॉवरच्या कुठल्या सेलला (टॉवरच्या एका बाजूच्या पट्ट्याला), कुठल्या बँडवर (फ्रीक्वेन्सीच्या कुठल्या पट्ट्यात) जोडलाय हे ती सांगतात.

हा आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार, म्हणजे उणे ८५ हे उणे १०५ पेक्षा चांगलं. पण खरी गंमत या मोजपट्टीच्या चालीत आहे. ती सरळ चालत नाही, पटीत चालते. आकडा ३ ने खाली गेला की सिग्नलची शक्ती निम्मी होते, १० ने खाली गेला की दहावा हिस्सा उरतो. उणे ८० आणि उणे ११० यांच्यात नुसता ‘तीसचा फरक’ वाटतो, प्रत्यक्षात तो हजार पटींचा आहे. आणि उणे ९० डीबीएम, ज्याला आपण चांगली रेंज म्हणतो, ती शक्ती किती? एका वॉटचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्याशा चिमूटभर ऊर्जेतून फोन आख्खं गाणं वेचून काढतो, हे मला आजही थक्क करतं.

फोर-जीसाठी अंदाजाने असं धरा: उणे ९० पर्यंत निर्धास्त, उणे १०० च्या आसपास ठीक, उणे ११० ला ओढाताण, उणे १२० च्या पुढे केव्हाही सुटेल.

इथेच तुलना करणारे बहुतेक जण फसतात. फोर-जीचा हा आकडा म्हणजे आरएसआरपी, आणि तो सिग्नलच्या एका अगदी बारीक पट्टीचा मोजलेला असतो. जुन्या टू-जीसाठी, आणि काही ॲपमध्ये फोर-जीसाठीसुद्धा, आरएसएसआय नावाचा आकडा दाखवतात. त्यात त्या चॅनेलमधली सगळी ऊर्जा एकत्र मोजलेली असते, स्वतःच्या टॉवरची, शेजारच्या टॉवरची आणि नुसता गोंगाटसुद्धा. एकाच जागी, एकाच फोनवर या दोन आकड्यांत पंचवीस-तीसचा फरक सहज पडतो. एका फोनवर उणे ७२ आणि दुसऱ्यावर उणे १०० दिसलं, तर दुसरा फोन वाईट असं म्हणण्याआधी दोघं एकच गोष्ट मोजतायत का ते बघायला हवं.

गाण्याला लागतं तरी किती?

ऑडिओची भूक फार छोटी आहे. साधारण दर्जाचं गाणं सेकंदाला १२८ किलोबिट घेतं, म्हणजे (आठ बिटांचा एक बाइट धरून) मिनिटाला जेमतेम १ एमबी, तासाला ५८ एमबीच्या आसपास. स्पॉटिफायसारख्या ॲपमध्ये ‘नॉर्मल’ म्हणजे ९६ किलोबिट आणि ‘व्हेरी हाय’ म्हणजे ३२० किलोबिट. हा वरचा दर्जा लावला तरी तासाला १४४ एमबी. शेजारी कुणी फुल एचडी व्हिडिओ बघत असेल, तर त्याला सेकंदाला चार-पाच हजार किलोबिट लागतात.

त्यामुळे ‘सिग्नल कमी पडला म्हणून गाणं थांबलं’ हे स्पष्टीकरण अर्धवट आहे. उणे ११० वरसुद्धा, टॉवर मोकळा असेल तर फोर-जी गाण्याच्या गरजेच्या कितीतरी पट वेग देतं. पाच मिनिटांचं गाणं साधारण ५ एमबीचं. सेकंदाला ५ मेगाबिटचा वेग मिळाला तर ते आठेक सेकंदांत फोनमध्ये येऊन पडतं, आणि पुढची पावणेपाच मिनिटं फोनला नेटची गरजच नसते. गाणी वाजवणारी ॲप असंच करतात. एकदम घासभर डेटा ओढायचा आणि गप्प बसायचं.

म्हणूनच बसमध्ये गाणं मधोमध क्वचित थांबतं. ते थांबतं एक संपून दुसरं सुरू होताना, कारण ओढायची वेळ नेमकी त्याच क्षणी आलेली असते आणि बस नेमकी त्याच क्षणी कोरड्या, म्हणजे सिग्नल न मिळणाऱ्या, पट्ट्यात असते. बरीच ॲप पुढचं गाणं आधीच थोडं आणून ठेवतात, पण तुम्ही सारखं ‘पुढचं, पुढचं’ करत गेलात तर त्या साठवणीचा काही उपयोग राहत नाही.

लाइव्ह प्रसारणाचं तसं नाही. आकाशवाणीचं थेट प्रसारण किंवा क्रिकेटचं धावतं समालोचन ऐकताना फोन पुढचं आधी आणून ठेवूच शकत नाही, कारण ते अजून घडलेलंच नाही. असं प्रसारण बहुतेक वेळा सहा-सहा सेकंदांच्या तुकड्यांत येतं आणि फोन दोन-तीन तुकडे हाताशी ठेवतो. म्हणजे साधारण १८ सेकंदांची शिदोरी. बस ताशी ६० किलोमीटरने चाललीय असं धरलं, तर १८ सेकंदांत ती ३०० मीटर जाते. कोरडा पट्टा ३०० मीटरपेक्षा छोटा असेल तर तुम्हाला कळणारही नाही, मोठा असेल तर आवाज तुटणारच. याच पट्ट्यात शेजारचा माणूस आधी उतरवून घेतलेलं गाणं ऐकत असतो आणि त्याला वाटतं आपला फोन भारी. दोघांनी एकच गोष्ट ऐकल्याशिवाय ही तुलना होत नाही.

जोर आणि स्पष्टपणा

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं राहून कुणाशी बोलून बघा. समोरचा माणूस ओरडून बोलतोय, त्याच्या आवाजाचा जोर भरपूर आहे, पण मागांच्या खडखडाटात शब्द कळत नाहीत. तोच माणूस बाहेर ओट्यावर हळू आवाजात बोलला तरी सगळं कळतं. फोनचंही हेच. आरएसआरपी म्हणजे टॉवरच्या आवाजाचा जोर. तो आवाज आजूबाजूच्या गोंगाटातून किती उठून दिसतो हे सांगणारा आकडा वेगळा, त्याला एसआयएनआर म्हणतात. तो २० च्या वर असेल तर उत्तम, १० च्या आसपास चांगला. शून्य म्हणजे सिग्नल आणि गोंगाट तोडीस तोड, आणि उणे झाला की गोंगाटच वरचढ.

हा गोंगाट येतो कुठून? मुख्यतः शेजारच्या टॉवरकडून. फोर-जीत शेजारशेजारचे टॉवर सहसा एकाच फ्रीक्वेन्सीवर बोलत असतात. तुम्ही एका टॉवरच्या अगदी जवळ असाल तर बाकीचे दबून जातात. दोघांच्या बरोबर मध्ये असाल तर दोन्ही आवाज सारख्याच जोराचे येतात, काड्या भरलेल्या दिसतात आणि डेटा मात्र रडतखडत येतो. उघड्या, सपाट जागी हे जास्त होतं. तुळजापूर रोडला हिप्परग्याच्या तलावासारख्या जागी मोकळ्या पाण्यावरून लहरींना अडवायला काहीच नसतं, त्यामुळे लांबचे टॉवरही फोनला ऐकू येऊ शकतात. जास्त टॉवर ऐकू येणं म्हणजे चांगली रेंज, असं आपल्याला वाटतं. फोनसाठी ती अडचण असते.

याच रस्त्याने पुढे तुळजापूरचा घाट लागतो तिथे गोष्ट उलटी होते. बालाघाटच्या डोंगराची कड मध्ये आली की टॉवर सरळ अंतराने जवळ असूनही फोन त्याच्या सावलीत जातो. तिथे गोंगाट नसतो, सिग्नलच नसतो. पुणे रोड आणि अक्कलकोट रोड बऱ्यापैकी सपाट आहेत, त्यामुळे या दोन रस्त्यांवर डोंगरापेक्षा दोन टॉवरमधलं अंतर जास्त महत्त्वाचं ठरतं.

तिसरं कारण गर्दीचं. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर गेलेल्या प्रत्येकाने हे अनुभवलंय: रेंज पूर्ण आणि साधा फोटोही जात नाही. सिग्नलचा जोर तिथे उत्तम असतो, स्पष्टपणाही बरा असतो, पण टॉवरकडची जागा ठरावीक असते. फोर-जीचा टॉवर दर मिलिसेकंदाला आपल्या जागेचे तुकडे करून फोनांना वाटत असतो, आणि हजारो फोन एकदम हात पसरतात तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला फारच थोडं येतं. सकाळी शिफ्टच्या वेळी एमआयडीसीच्या गेटवर याचीच लहान आवृत्ती घडते. अशा जागी फोन बदलून काही फरक पडत नाही. कंपनी बदलून कदाचित पडेल.

फोनला टॉवर ऐकू येतो, टॉवरला फोन नाही

गाणं ऐकताना डेटा फक्त येतोय असं आपण धरतो. प्रत्यक्षात फोनला सतत उलट उत्तर द्यावं लागतं: हा तुकडा मिळाला, पुढचा द्या. टॉवरवरचा रेडिओ २० ते ४० वॉटने बोलतो, फोन फार तर ०.२ वॉटने. हा दोनशे पटींपर्यंतचा फरक. टॉवरचे अँटेना मोठे, त्याचे कान तिखट, त्यामुळे यातला बराच फरक भरून निघतो, पण सेलच्या अगदी कडेला तेवढंही पुरत नाही. फोनला टॉवर व्यवस्थित ऐकू येतो, म्हणून काड्या दिसतात. फोनची हाक मात्र टॉवरपर्यंत पोचत नाही, म्हणून काहीच येत नाही. कोंडी गावाच्या आसपास मोकळ्या रानातून जाताना दोन काड्या आहेत आणि चक्र फिरतंय, असं दिसलं तर हे एक कारण मनात धरायला हरकत नाही. अशा जागी फोन पूर्ण ताकदीने ओरडत असतो, म्हणून बॅटरीही लवकर उतरते.

आणखी एक प्रश्न मला बरेच जण विचारतात. रेंज परत आली, आकडा चांगला दिसतोय, तरी गाणं लगेच का सुरू होत नाही? याचं उत्तर रेडिओत सापडत नाही, ते इंटरनेटच्या शिस्तीत आहे. पाठवलेल्या तुकड्याची पोच आली नाही की समोरचा सर्व्हर थोडा वेळ थांबून तो पुन्हा पाठवतो. तरीही पोच नाही आली तर दुप्पट वेळ थांबतो, मग त्याच्या दुप्पट. रस्त्यावर गर्दी असेल तर आणखी भर टाकू नये, हा त्यामागचा चांगला हेतू. पण तुम्ही कोरड्या पट्ट्यातून दहा-बारा सेकंदांनी बाहेर आलात, आणि सर्व्हर तेव्हा आठ सेकंदांच्या विश्रांतीवर असला, तर रेंज असूनही शांतताच. गाणं थांबवून परत सुरू केलं किंवा विमान मोड लावून काढला की बऱ्याचदा पटकन चालू होतं, ते नवी जोडणी लागते म्हणून.

एका सेलमधून दुसऱ्या सेलमध्ये जाताना आवाज तुटतो, असंही समजलं जातं. फोर-जीत फोन जुन्या सेलचा हात सोडून मगच नव्याचा धरतो हे खरं, पण सगळं सुरळीत झालं तर ही अदलाबदल डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकते आणि साठवणीमुळे कानाला कळतही नाही. अदलाबदल उशिरा सुरू झाली आणि जुना सेल मध्येच सुटला, की मात्र फोनला सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं. त्यातून तो टू-जीवर घसरला तर काही वेळ तिथेच रेंगाळतो, आणि टू-जीवर गाणं चालणं अवघड.

मग फोनाफोनांत फरक असतो का?

असतो, आणि चांगला मोजता येण्याइतका असतो. सगळ्यात मोठा भाग बँडचा. भारतात फोर-जी ८५०, ९००, १८००, २१००, २३०० आणि २५०० मेगाहर्ट्झवर चालतं, बीएसएनएल ७०० मेगाहर्ट्झही वापरतं. फाइव्ह-जी मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे, शिवाय जिओने २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झ घेतला. आकडा जितका खाली तितकी लहर लांब जाते आणि भिंतीतूनही बरी शिरते. दोन्ही टॉवर सारख्याच ताकदीचे धरले तर ८५० आणि २३०० यांच्यात मोकळ्या हवेतसुद्धा साधारण ९ डीबीचा, म्हणजे त्याच मोजपट्टीवर ९ आकड्यांचा, फरक पडतो. पण खालच्या बँडमध्ये जागा अरुंद, वरच्यात ऐसपैस. व्हिडिओवाल्याला वरचा बँड आवडेल. गाणी ऐकत हायवेने जाणाऱ्याला खालचा बँड सोन्यासारखा. परदेशातून आणलेल्या किंवा जुन्या फोनमध्ये नेमका आपल्या कंपनीचा खालचा बँड नसेल, तर शहरात सात रस्त्याला तो उत्तम चालेल आणि पुणे रोडवरचं बाळे ओलांडलं की धापा टाकेल. फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सगळे विचारतात. बँडची यादी तितकीच विचारण्यासारखी आहे.

दुसरा भाग अँटेनांचा. साध्या फोनमध्ये काही बँडसाठी ऐकणारे दोन अँटेना असतात, महागड्यात चार. चार असले तर हिशेबाने दुप्पट ऊर्जा गोळा होते, म्हणजे ३ डीबीचा फायदा. आडरानात हे ३ डीबी गाणं चालणं आणि न चालणं यातला फरक ठरू शकतात.

पण फोन ठेवलाय कुठे, याचा परिणाम या सगळ्याहून मोठा असू शकतो. हाताची मूठ अँटेनावर आली, खिशातल्या फोनच्या आणि टॉवरच्या मध्ये आपलंच शरीर आलं, तर कित्येक डीबी जातात. गाडीच्या पत्र्याआड साधारण ९ डीबी जातात असं मोबाइल नेटवर्कची तांत्रिक मानकं धरतात, आणि काचेवर धातूचा पातळ थर असेल तर २० डीबीच्या आसपास. लालपरीच्या उघड्या खिडकीशी बसणं आणि एसीच्या बंद डब्यात बसणं यात म्हणूनच एवढा फरक पडतो. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना स्वतःच ताडून बघा, साध्या डब्याच्या खिडकीशी किती आकडा आहे आणि एसी चेअर कारमध्ये किती. साध्या प्लॅस्टिकच्या कव्हरने काही होत नाही. गाडीतल्या स्टँडसाठी मागे चिकटवलेली लोखंडी पट्टी मात्र काढून बघण्यासारखी असते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट धरायला हवी, ती म्हणजे ऊन. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं ॲपल सांगतं, आणि फोन फार तापला तर त्याचा मोबाइल रेडिओ कमी शक्तीवर जातो, सिग्नल कमजोर होऊ शकतो, हेही सांगतं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. अशा दुपारी डॅशबोर्डवर किंवा खिडकीच्या उन्हात ठेवलेल्या फोनची सावलीतल्या फोनशी तुलना करणं त्या फोनवर अन्याय आहे. पावसाला मात्र उगाच दोष देतात. मोबाइल ज्या लहरी वापरतो त्यांना पावसाच्या थेंबांनी जवळपास काहीच होत नाही. पावसात रेंज गेली तर टॉवरची वीज गेली असेल, किंवा एका टॉवरहून दुसऱ्या टॉवरकडे डेटा नेणारी वरच्या फ्रीक्वेन्सीची मायक्रोवेव्ह जोडणी अडली असेल. तिला पाऊस बाधतो.

खरी तुलना कशी करायची

आधी ठरवायचं: फोन तपासायचेत की कंपन्या? दोन्ही एकदम तपासायला गेलं की काहीच कळत नाही.

कंपन्या तपासायच्या असतील तर दोन सिमचा एकच फोन सगळ्यात उत्तम. तोच फोन, तेच अँटेना, तीच सीट, तोच क्षण, आणि दोन्ही सिमचे आकडे शेजारीशेजारी. त्यात जाताना एका सिमवर डेटा आणि येताना दुसऱ्यावर, मग दुसऱ्या दिवशी उलट, असं केलं की सकाळ-संध्याकाळच्या गर्दीचा फरकही वाटला जातो.

फोन तपासायचे असतील तर दोन्हींत एकाच कंपनीचं सिम हवं, दोन्ही फोर-जीवर अडकवलेले हवेत आणि शक्य असेल तर दोन्ही एकाच बँडवर. फोर-जीवर अडकवायचं कारण असं, की बऱ्याच ठिकाणी फाइव्ह-जी हे फोर-जीच्या आधाराने चालतं आणि कोपऱ्यात ५जी लिहिलेलं असतानाही डेटा फोर-जीनेच येत असू शकतो. फोन एकमेकांना चिकटवून ठेवू नका, वीतभर अंतर राहू द्या. दुसऱ्या दिवशी जागा आणि सिम दोन्हींची अदलाबदल करा.

आणि एका क्षणाच्या आकड्यावर कधीही निकाल देऊ नका. लहरी इमारतींवरून, ट्रकवरून, जमिनीवरून उसळून फोनपर्यंत वेगवेगळ्या वाटांनी येतात. कुठे त्या एकमेकींना जोर देतात, कुठे एकमेकींना खोडतात. २३०० मेगाहर्ट्झची लहर १३ सेंटिमीटरची असते, म्हणजे फोन सहा-सात सेंटिमीटर सरकला तरी आकडा दहाने बदलू शकतो. दोन फोनमध्ये तीन-चारचा फरक दिसला तर तो सोडून द्या. त्याच टप्प्यात, रोज, सातत्याने पाच-सहाहून जास्त फरक राहिला, तर त्याला अर्थ आहे. आकड्यासोबत दोन गोष्टी लिहून ठेवा: जागा आणि गाणं खरंच थांबलं का. शेवटी आपल्याला गाणं ऐकायचंय.

एक खात्री मात्र आधी करून घ्या, की दोष नेटचाच आहे. ब्लूटूथ इअरफोन २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि ती लहर माणसाच्या शरीरात बऱ्यापैकी शोषली जाते. फोन मागच्या खिशात आणि गच्च भरलेली बस, की आवाज कटकट तुटायला लागतो. ओळखायची खूण सोपी आहे. आवाज तुटत असतानाही स्क्रीनवर गाण्याची पट्टी पुढे सरकत असेल तर दोष ब्लूटूथचा. पट्टीच थांबून चक्र फिरत असेल तर नेटचा. हे सगळे प्रयोग प्रवासी म्हणून बसलेले असतानाच करायचे. दुचाकी किंवा गाडी चालवताना कानात इअरफोन नको आणि नजर स्क्रीनवर नको.

आकडे हातात आले की पुढचं काम सोपं होतं. अडचण एकाच छोट्या पट्ट्यात असेल तर घरच्या वायफायवर गाणी उतरवून घ्या, लाइव्ह ऐकायचं असेल तर दर्जा कमी ठेवा आणि त्या रस्त्यापुरतं फाइव्ह-जी बंद करा. आपल्या कंपनीचं जाळंच रस्ताभर कमजोर निघालं तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस झालेले असावे लागतात. पण आधी नव्या कंपनीचं एखादं प्रीपेड सिम महिनाभर दुसऱ्या खाचेत घालून त्याच बसमध्ये फिरवा. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर ठेवावे लागतात, तेही बघा, पण नकाशात बसचा पत्रा आणि शिफ्टची गर्दी धरलेली नसते.

तक्रार करायची असेल तर १९८ वर करा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. ‘पुणे रोडला नेट चालत नाही’ या तक्रारीवर कुणी काही करू शकत नाही. ‘कोंडीच्या पुढे अमुक पुलापासून अमुक पंपापर्यंत, सकाळी साडेसात ते आठ, अमुक बँड, सेलचा अमुक क्रमांक, आकडा उणे ९५ आणि तरी डेटा येत नाही’ ही तक्रार थेट इंजिनिअरच्या टेबलावर जाण्यासारखी असते. उणे ९५ आणि डेटा नाही म्हटल्यावर त्याला कळतं की टॉवर आहे, पण तो एकतर भरलाय किंवा शेजारच्याशी भांडतोय. उणे ११८ म्हटलं तर कळतं की इथे टॉवरच हवाय. तक्रारीच्या उत्तराने समाधान झालं नाही तर तक्रारीच्या त्याच क्रमांकाच्या आधारे कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते, आणि तिथेही लिहून ठेवलेले हेच आकडे जोडता येतात.